आधी स्नायू, मग कातडी

गुदद्वाराच्या कडेला कातडीचे मऊ, लोंबते कोंब उरतात. अमेरिकेतील दवाखान्यात त्यांना सरसकट ‘स्किन टॅग’ म्हणतात, आणि मराठी घरातून आलेला रुग्ण बहुधा ‘मोड आलाय’ एवढेच सांगतो. मोड म्हणजे मूळव्याधीची फुगलेली रक्तवाहिनी. टॅग म्हणजे ती फुगी ओसरल्यावर मागे राहिलेली रिकामी कातडी. बाहेरच्या मूळव्याधीत रक्ताची गुठळी होते, वरची त्वचा ताणली जाते, काही आठवड्यांत गुठळी विरघळते. त्वचा मात्र पूर्ववत आक्रसत नाही. फिशरच्या, म्हणजे गुदद्वाराच्या चिरेच्या बाहेरच्या टोकालाही असा एक कोंब धरतो. गरोदरपणात आणि बाळंतपणात कळा देताना आलेली सूज हे तिसरे नेहमीचे कारण. विम्याच्या कागदावर मूळव्याधीमागे उरलेल्या टॅगसाठी स्वतंत्र निदानक्रमांकही आहे, के६४.४. बहुतेक टॅग दुखत नाहीत, त्यांतून रक्त येत नाही आणि त्यांचा कर्करोग होत नाही. ते दिसतात, हाताला लागतात आणि कागदाने पुसताना आड येतात, एवढेच.

अशा टॅगवर शस्त्रक्रिया करायची तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा फिजिओथेरपिस्ट तिथे कशाला, हा प्रश्न रुग्णाइतकाच विमा कंपनीलाही पडतो. उत्तर टॅगच्या उगमात आहे. गुदमार्ग जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. त्याच्याभोवती आतले वर्तुळाकार स्नायू आपल्या इच्छेविना सतत आवळलेले असतात. विश्रांतीच्या वेळचा बहुतेक दाब त्यांचाच. त्यांच्या बाहेर इच्छेने आवळता येणारे स्नायू, आणि वरच्या बाजूला प्युबोरेक्टॅलिस हा पट्टा, जो जघनास्थीपासून निघून गुदाशयाच्या मागून वळसा घेतो आणि त्याला पुढे ओढून धरतो. त्या ओढीने मार्गाला एक कोन येतो आणि मळ अडून राहतो. शौचाच्या वेळी पट्टा सैल पडला की कोन उघडतो. ज्यांचा पट्टा सैल पडायच्या ऐवजी नेमक्या त्याच वेळी आवळतो, त्यांना बंद दारावर जोर लावावा लागतो. या जोराला मराठीत कुंथणे म्हणतात आणि बहुतेक टॅगचा इतिहास त्यापाशी सुरू होतो.

कुंथण्याने रक्तवाहिन्या फुगतात, हे झाले एक. दुसरे, आवळलेल्या स्नायूमुळे तिथल्या कातडीचा रक्तपुरवठा घटतो. रॉटरडॅमच्या शौटेन आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखवले की गुदमार्गातला दाब जितका जास्त, तितका त्या त्वचेतला रक्तप्रवाह कमी, आणि म्हणूनच फिशर भरत नाही. पुढे नेदरलँड्समध्येच १४० जणांवर झालेल्या चाचणीत जुनाट फिशरच्या रुग्णांना आठ आठवडे पेल्विक फ्लोअर थेरपी, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, दिली. थेरपी घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांची चीर भरली. ज्यांनी वाट पाहिली त्यांच्यात हे प्रमाण साधारण एक पंचमांश होते. टॅग कापल्यावर जी जखम होते ती याच जागी, याच दाबाखाली भरायची असते. तेव्हा स्नायू न सोडवता केलेली सुबक शस्त्रक्रिया दुखते जास्त, भरते हळू, आणि कुंथणे सुरूच राहिले तर वर्ष-दोन वर्षांत शेजारी नवा कोंब येऊ शकतो.

याची दुसरी बाजूही स्पष्ट सांगावी लागते, कारण जाहिरातीत ती झाकली जाते. व्यायामाने टॅग विरघळत नाही. कातडी ती कातडी. श्वासाने, मसाजने, मलमाने ती नाहीशी होत नाही. थेरपी टॅगच्या कारणावर आणि शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर काम करते, टॅगवर नाही. शिवाय ‘थेरपी अधिक सौंदर्यशस्त्रक्रिया’ या जोडीवर मोठ्या चाचण्यांचा आधार उभा राहिलेला नाही. आधार आहे तो दोन्ही भागांना वेगवेगळा. जोडी ही प्रत्यक्ष कामातून आलेली रीत आहे.

अमेरिकेत या दोन धंद्यांचा जन्मही वेगळ्या घरांत झाला. गुदरोगाच्या शल्यचिकित्सकांची संघटना १८९९ सालची, ओहायोतील कोलंबस येथे स्थापन झालेली. स्नायूंच्या व्यायामाचे नाव लॉस एंजेलिसच्या अर्नोल्ड केगल या स्त्रीरोगतज्ज्ञाशी जोडले गेले. त्याने १९४८ साली बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी दाब मोजणारे उपकरण आणि त्यावरचा व्यायाम प्रसिद्ध केला. फिजिओथेरपिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेत एलिझाबेथ नोबल यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये प्रसूती-स्त्रीरोग विभाग सुरू झाला, ज्याचा आजचा वारस म्हणजे पेल्विक हेल्थची अकादमी. बरीच वर्षे हे काम म्हणजे बायकांचे, बाळंतिणींचे, असाच समज होता. पुरुष रुग्ण आणि गुदद्वाराचे विकार त्यात उशिरा आले. टॅग काढणे आणि थेरपी एकाच छताखाली आणण्यात पुढाकार घेतला तो मोठ्या शहरांतल्या खासगी दवाखान्यांनी. त्यांतले माहितीतले नाव म्हणजे मॅनहॅटनमध्ये इव्हान गोल्डस्टीन या शल्यचिकित्सकाने काढलेले बिस्पोक सर्जिकल. समलिंगी पुरुषांच्या गरजा समोर ठेवून निघालेल्या अशा दवाखान्यांमुळे एक गोष्ट झाली. गुदद्वार कसे दिसते आणि संभोगाच्या वेळी कसे वागते, याबद्दल रुग्ण न लाजता बोलू शकेल अशी जागा वैद्यकात तयार झाली. बाकीच्या अमेरिकेत अजून हे दोन तज्ज्ञ एकमेकांना चिठ्ठीवरूनच ओळखतात.

रुग्ण येतात ते कशासाठी, हे पहिल्या अर्ध्या तासात उलगडते. बाळंतपणाला वर्ष उलटलेली, धावायला पुन्हा सुरुवात केलेली तरुण आई. जिममध्ये वजने उचलताना श्वास कोंडणारा गडी. जोडीदारासमोर दिवा मालवूनच वावरणारा पुरुष. दिवसभर संगणकासमोर बसणारा, फिशर दोनदा भरून तिसऱ्यांदा फाटलेला इंजिनिअर. चौघांच्या फॉर्मवर एकच ओळ असते, टॅग काढायचा आहे. त्याखालच्या रकान्यात बद्धकोष्ठ, शौचाला वेळ लागणे, अर्धवट झाल्यासारखे वाटणे, संभोगात दुखणे यांवर ‘नाही’ अशी खूण असते. आणि तोंडी विचारले की चारांतल्या तीन गोष्टी निघतात. वीस मिनिटे बसावे लागणे ही अनेकांना तक्रार वाटतच नाही. ती सवय वाटते. फोन हातात असतो, वेळ जातो. बोस्टनमध्ये कोलोनोस्कोपीसाठी आलेल्या १२५ जणांच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फोन घेऊन बसणाऱ्यांत मूळव्याधीचे प्रमाण अधिक आढळले, ते बहुधा यामुळेच.

पैशाचा मामला अमेरिकेत लवकर बोलावा लागतो. टॅग काढण्याचे दोन सांकेतिक क्रमांक आहेत, एका टॅगला ४६२२० आणि अनेकांना ४६२३०. पण क्रमांक असणे वेगळे आणि विम्याने पैसे देणे वेगळे. टॅग दिसायला नको म्हणून काढला तर तो खर्च कॉस्मेटिक ठरतो; करमुक्त आरोग्य-बचत खात्यातूनही तो सहसा भागवता येत नाही. टॅगमुळे स्वच्छता राहत नाही, खाज सुटते, वारंवार सुजतो, असे तपासणीत सिद्ध झाले तर गोष्ट बदलते. थेरपीचा हिशेब निराळा. बद्धकोष्ठ, स्नायूंचा विसंवाद किंवा वेदना यांचे निदान असेल तर तिचे सत्र विम्यात बसते. स्नायूचे आवळणे-सोडणे पडद्यावर दाखवून शिकवणाऱ्या बायोफीडबॅकला २०२० पासून ९०९१२ आणि ९०९१३ हे स्वतंत्र क्रमांक आहेत. म्हणजे एकाच रुग्णाची अर्धी वाट विम्याची आणि अर्धी स्वतःच्या खिशाची. खिशातून देणाऱ्याला आधी लेखी अंदाजपत्रक मागण्याचा हक्क १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने मिळाला आहे. इथे मोह दोन्हीकडे असतो. दिसण्यासाठी काढायच्या टॅगला खाजेचे लेबल लावायचे, किंवा नुसत्या शस्त्रक्रियेचे गिऱ्हाईक टिकवायला गरज नसलेली थेरपी गळ्यात मारायची. नोंद खरी ठेवणारा थेरपिस्ट दोन्हीकडून थोडा अप्रिय होतो.

थेरपीच्या खोलीत टेबल, चादर, हातमोजे, जेल आणि एक पडदा. पहिली भेट साधारण तासाची असते आणि तिचा निम्मा वेळ बोलण्यात जातो: किती वेळा, किती वेळ, कसा मळ, पाणी किती, बाळंतपणे किती, टाके कुठे. मग तपासणी काय होणार हे बोटाने हवेत दाखवून सांगितले जाते. गुदमार्गातून तपासायला लेखी आणि तोंडी अशी दोन्ही संमती घेतात, हवी तर तिसरी व्यक्ती खोलीत बसते, आणि ‘थांबा’ म्हटले की थांबायचे हे आधीच ठरते. पहिल्या भेटीत आतली तपासणी झालीच पाहिजे असे नाही. भारतातून आलेल्या अनेक रुग्णांच्या बाबतीत ती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला होते, आणि त्यात काही बिघडत नाही.

रुग्ण डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. आधी फक्त पाहणे. नोंद घड्याळाच्या तबकडीप्रमाणे: पुढची बाजू बारा, पाठीमागची सहा, ‘टॅग सहाला, आठ मिलिमीटर, मऊ, आत चीर नाही.’ मग सांगायचे, गॅस अडवल्यासारखे आवळा. कडेची त्वचा आत ओढली जाते. आता सोडा. इथे थेरपिस्टची नजर टॅगवर नसते, त्वचेवर असते. निरोगी माणसात ती लगेच खाली येते. ताठरलेल्या स्नायूत ती दोन टप्प्यांत येते, किंवा येतच नाही. रुग्णाला मात्र आपण सोडले असे ठाम वाटत असते. शेवटी, शौचाला बसल्यासारखा हलका जोर द्यायला सांगतात. जागा बाहेर फुगायच्या ऐवजी आत गेली तर उत्तर मिळाले. बोट आत गेल्यावर तेच हाताला कळते. प्युबोरेक्टॅलिसचा पट्टा मागून पुढे बोटावर येतो, आणि जोर देताना तो ढिला पडायचा त्याऐवजी बोट चिमटीत धरतो. पट्ट्याच्या कडेला दाबले की रुग्ण म्हणतो, हेच दुखते. ज्या दुखण्याचा दोष तो इतकी वर्षे टॅगला देत होता, ते टॅगपासून तीन सेंटिमीटर आत असते.

शंका उरली तर पोटविकारतज्ज्ञाकडून दाबमापन आणि फुग्याची चाचणी करून घेतात. गुदाशयात ५० मिलिलिटर पाण्याचा फुगा ठेवायचा, आणि तो साधारण मिनिटभरात बाहेर टाकता येतो का ते पाहायचे. आवळणे आणि सोडणे यांचा विसंवाद निश्चित झाला की उपचार ठरलेला आहे, आणि त्याला चांगला पुरावाही आहे. इटलीतील किअरिओनी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या व्हाइटहेड यांच्या २००६ सालच्या चाचणीत बायोफीडबॅकच्या पाच सत्रांनंतर सहा महिन्यांनी ८० टक्के रुग्णांत मोठी सुधारणा दिसली. रेचक घेणाऱ्यांत २२ टक्के.

बायोफीडबॅक म्हणजे जादू नव्हे. कातडीला चिकटवलेले किंवा आत ठेवलेले लहान सेन्सर स्नायूतली वीज मायक्रोव्होल्टमध्ये टिपतात आणि पडद्यावर एक रेघ सरकत राहते. रुग्ण आवळतो, रेघ चढते. सोडतो, रेघ उतरते. पण पूर्वीच्या पातळीला येत नाही, वरच रेंगाळते, आणि हे रुग्ण स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. शब्दांनी जे आठवडाभर पटले नसते ते इथे पाच मिनिटांत पटते. मग श्वास. पोट सैल, बरगड्या बाजूला, श्वास आत घेताना तळ खाली उतरतो; श्वासपटल खाली सरकले की ओटीपोटाचा तळही थोडा खाली जातो. ज्याने जन्मभर पोट आत ओढून फोटो काढले त्याला एवढेच शिकायला दोन-तीन भेटी लागतात. रेघ उतरली की थेरपिस्ट बोलत नाही. तिथेच थांबायचे असते.

इथे केगल व्यायामाचा गोंधळ निस्तरावा लागतो. समाजमाध्यमांवर शिकून आलेला रुग्ण दिवसातून शंभर वेळा आवळत असतो. मराठी रुग्ण मूळबंध किंवा अश्विनी मुद्रा करत असतो, आणि त्याला वाटते की हे तर आपले, जुने, म्हणजे चांगलेच. हठयोगप्रदीपिकेत मूळबंध आहे, घेरंडसंहितेत अश्विनी मुद्रा आहे. स्नायू ढिले असणाऱ्याला ते उपयोगीही पडते. पण आधीच ताठ असलेल्या स्नायूला आणखी आवळण्याचा सराव देणे म्हणजे दुखण्यात भर. अशांना काही महिने ते बंद ठेवायला सांगतात. सासऱ्यांनी चाळीस वर्षे केले त्याचे काय, हा प्रश्न येतोच. सासऱ्यांचा स्नायू तपासलेला नसतो.

बसण्याच्या पद्धतीचा भाग मराठी माणसाला ऐकताना हसू आणणारा. कमोडवर बसल्याने प्युबोरेक्टॅलिसचा कोन पुरता उघडत नाही. उकिडवे बसले की उघडतो. अमेरिकेत यावर उपाय म्हणून पायांखाली ठेवायचा स्टूल विकतात. युटातील सेंट जॉर्ज गावच्या एडवर्ड्स कुटुंबाने २०११ च्या सुमारास ‘स्क्वॉटी पॉटी’ या नावाने तो बाजारात आणला आणि २०१५ च्या एका जाहिरातीने तो घरोघरी पोचवला. ओहायो स्टेट विद्यापीठाने २०१९ मध्ये ५२ निरोगी लोकांवरील अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात स्टूल वापरल्याने जोर कमी लागतो आणि पोट अधिक साफ होते असे आढळले. गावच्या संडासात जे फुकट होते ते इथे सात इंची प्लास्टिकमध्ये मिळते. मूठभर इसबगोलाचेही तसेच: इथल्या औषधाच्या दुकानातल्या नारिंगी चवीच्या मेटाम्युसिलमधला मुख्य घटक तोच. पाण्याचे मात्र उलटे आहे. तांब्या-मगाची किंवा जेट स्प्रेची सवय सोडून कागदावर आलेल्या अनेकांचा टॅग अमेरिकेत आल्यावरच ‘त्रास’ बनतो, कारण कोरडा कागद घडीत अडकतो, जोर लावून पुसले जाते आणि कातडी सोलवटते. ओले वाइप्स घेतले तर त्यातल्या मिथाइलआयसोथायझोलिनोन या परिरक्षकाची ॲलर्जी येऊ शकते. अमेरिकेच्या स्पर्शजन्य त्वचारोग संघटनेने २०१३ साली त्यालाच वर्षाचे ॲलर्जीकारक द्रव्य ठरवले होते. कमोडला पाण्याचा पाइप जोडला आणि खाज गेली, अशा कहाण्या या कामात नित्याच्या आहेत.

यानंतर येतो आरसा. बहुतेकांनी स्वतःची ती जागा फक्त मोबाइलच्या फोटोत, वाकड्या कोनातून, दिव्याच्या झोतात पाहिलेली असते. थेरपिस्ट हातात आरसा देतो आणि सांगतो, हा टॅग. आणि या ज्या घड्या दिसतात त्या टॅग नाहीत. गुदद्वाराची कडा निसर्गतः चुण्यांची असते, तिथे त्वचेखाली चुण्या पाडणारे स्नायुतंतूच असतात. अश्लील चित्रफितींतून किंवा संपादित फोटोंतून आलेली गुळगुळीत कडेची कल्पना शरीराला लागू नाही. काही रुग्ण इथेच निवांत होतात. काही थेरपी संपल्यावर म्हणतात, आता दुखत नाही, पुसता येते, राहू दे. आणि काही म्हणतात, सगळे समजले, तरी तो मला नको आहे. शेवटच्या गटाला उपदेश करत बसणे हे थेरपिस्टचे काम नाही. कानाचा आकार बदलून घेणाऱ्याला कोणी तत्त्वज्ञान सांगत नाही. हीच जागा निवडली म्हणून सांगू लागावे, यात काळजीपेक्षा संकोच जास्त असतो.

कापण्यापूर्वी काही शंका मात्र मिटवाव्या लागतात. क्रोन्स या आतड्याच्या विकारात गुदद्वाराशी मोठे, सुजट टॅग येतात आणि तेथील जखमा भरत नाहीत. म्हणून तिथे सहसा हात लावत नाहीत, आणि पोट बिघडलेल्या, वजन उतरलेल्या तरुणात टॅग दिसला तर आधी आतड्याची तपासणी होते. टॅगसारखा दिसणारा कोंब एचपीव्ही विषाणूचा चामखीळही असू शकतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या ४,४४६ लोकांवर सॅन फ्रान्सिस्कोच्या जोएल पालेफ्स्की यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँकर चाचणीत, गुदमार्गातील कर्करोगपूर्व बदलांवर वेळीच उपचार केल्याने कर्करोगाचा धोका ५७ टक्क्यांनी घटला. तेव्हा ‘फक्त दिसण्यासाठी’ काढलेला तुकडाही कचऱ्यात न टाकता पॅथॉलॉजीला पाठवणे शहाणपणाचे. बाळंतपणात स्नायूपर्यंत फाटलेल्या स्त्रीच्या बाबतीत पुढच्या बाजूचा टॅग काढण्यापूर्वी आवळण्याची ताकद मोजली जाते. तिथे जुना व्रण आणि कमजोर स्नायू एकत्र असतात.

शस्त्रक्रिया लहान आहे. भुलीचे इंजेक्शन त्या जागेपुरते किंवा हलकी झोप. टॅग चिमट्यात धरून पात्याने, विजेच्या टोकाने किंवा लेझरने कापतात. विरघळणारे टाके घालतात किंवा जखम उघडी ठेवतात. कौशल्य कापण्यात नाही, थांबण्यात आहे. दोन जखमांमध्ये निरोगी कातडीचा पूल ठेवावा लागतो. गोलाकार सगळेच काढले तर भरताना मार्ग अरुंद होतो. सगळे टॅग एकाच बैठकीत काढा, असा आग्रह धरणाऱ्या रुग्णाला दोन टप्प्यांत करू म्हणणारा शल्यचिकित्सक वेळकाढू नसतो.

खरी कसोटी घरी गेल्यावर. गुदमार्गाच्या खालच्या भागात बोटाच्या टोकासारखी तीव्र संवेदना असते, आणि पहिली शौचाची वेळ ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत भीतीची घटना. भीतीने स्नायू आवळतो, आवळल्याने दुखते, दुखते म्हणून रुग्ण शौचाला जायचे टाळतो, मळ कडक होतो. आधी थेरपी घेतलेला रुग्ण इथे वेगळा पडतो. त्याला स्टूलवर पाय ठेवून, कोपरे गुडघ्यांवर, तोंडाने हळू श्वास सोडत, न कुंथता वाट पाहायची हे येते, कारण ते त्याने दुखत नसताना महिनाभर केलेले असते. इसबगोल शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यापासून सुरू असते, मळ मऊ ठेवणारे औषध जोडीला, वेदनेला आयब्युप्रोफेन आणि ॲसिटामिनोफेन. अफूजन्य गोळ्या शक्यतो टाळतात, कारण त्याच बद्धकोष्ठ आणतात. कमोडवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या टबात दिवसातून दोन-तीन वेळा कोमट पाण्याची बैठक. आईने फोनवर सांगितलेली तुरटी, हळद, कडुलिंब यांपैकी काहीही त्या पाण्यात घालायचे नाही, हे स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर पडते.

पहिल्या आठवड्यात जागा आधीपेक्षा वाईट दिसते. सूज येते, कडा फुगते, आणि रुग्ण रात्री अकराला फोटो पाठवतो की टॅग परत आला. फोन-भेटीतला थेरपिस्टचा बराच वेळ यावर जातो. ताप, वाढता पू, लघवी अडणे, कपडा भिजेल इतके रक्त, यांपैकी काही असेल तर शल्यचिकित्सकाला तत्काळ कळवायचे. नुसती सूज असेल तर थांबायचे. या काळात थेरपी बाहेरूनच चालते, श्वास, मांड्या आणि नितंबांचे ताण, चालणे. आतून तपासायचे ते जखम भरल्याची शल्यचिकित्सकाची लेखी हरकत-नाही आल्यावर, बहुधा सहा आठवड्यांच्या आसपास. त्यानंतर व्रण मऊ करण्याचा मसाज, आणि ज्यांना गुदसंभोग पुन्हा सुरू करायचा आहे त्यांच्यासाठी मार्ग हळूहळू सैल करणारे, लहानापासून चढत्या मापाचे डायलेटर. माप वाढवण्याचा निकष एकच. आत ठेवल्यावर श्वास अडत नाही ना. श्वास अडला तर माप मोठे आहे, रुग्ण कितीही ‘ठीक आहे’ म्हणो.

भारतात शिकून इकडे आलेल्या फिजिओथेरपिस्टला, पुण्या-नाशिकहून साडेचार वर्षांची पदवी, मग पदवीचे मूल्यमापन, राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना अशी वाट चालून आलेल्याला, या कामात एक अडचण आणि एक सोय असते. अडचण शिक्षणातली; पदवीत हा भाग ओझरता असतो, आणि आतल्या तपासणीचे प्रशिक्षण इथल्या वेगळ्या अभ्यासक्रमांतून घ्यावे लागते. सोय भाषेची. न्यू जर्सीतली मराठी आजी इंग्रजी बोलणाऱ्या तरुणीला ‘आय हॅव सम प्रॉब्लेम’ यापलीकडे काही सांगत नाही, मुलगा दुभाषा म्हणून खोलीत असेल तर तेवढेही नाही. मराठीत विचारले, ‘आजी, परसाकडे जाताना कुंथावे लागते का?’ की सगळे बाहेर येते, मुलाला खोलीबाहेर पाठवून.

शेवटची भेट सहसा शस्त्रक्रियेनंतर तीनेक महिन्यांनी असते. तोवर सूज पुरती ओसरलेली असते आणि काय उरले ते खरे दिसते. पुन्हा घड्याळाप्रमाणे नोंद, पुन्हा आवळा-सोडा, पुन्हा पडद्यावरची रेघ. सहा वाजण्याच्या जागी बारीक पांढरा व्रण असेल तर त्याची मऊपणाची नोंद होते. सुजेतून एखादी लहान घडी राहिली असेल तर ती लगेच कापत नाहीत. आणखी काही महिने पाहतात. विश्रांतीची रेघ खाली, फुगा बाहेर पडतो, शौचाला पाच मिनिटांच्या आत, रक्त नाही, गळती नाही, एवढे जुळले की फाइल बंद करून शल्यचिकित्सकाला पत्र जाते.